नवरामुलगा पाहायला सायकलवरून

तिरुवल्लिकेणी, मद्रास
सोमवार, फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप कृष्णस्वामीमामांच्या चरणी सेतुमाधवाचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नसल्यामुळे आज तो उभ्यानेच घातला आहे, पण साष्टांग समजून घ्यावा.) वसंतामामींचा दमा, तुमचा रक्तदाब आणि तंजावरच्या मेलवीदीतल्या घराचं गळकं छप्पर, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. चि. अंबुजाचं बरं असेलच. तिच्यापायीच माझी ही दशा झाली आहे.

तुम्ही लिहिलंत, राममूर्ती म्हणून आपल्यातलाच एक मुलगा आहे, वेस्ट मांबलमला राहतो, लॉरीच्या कारखान्यात इंजिनियर आहे, अंबुजासाठी सांगून आला आहे. तू सख्खा भाचा, मद्रासेतच आहेस, तेव्हा जरा बघून कळव. मामा, या 'जरा'बद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. कुठे भेटायचं असं मी त्याला विचारलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एखादं हॉटेल, डिग्री कॉफी आणि मेदुवडे होते. त्याने कळवलं की रविवारी तो दिवसभर सायकलवर भटकतो, तुम्हीही सायकल घेऊन या, म्हणजे निवांत बोलता येईल. आता मुलीकडच्या माणसाने नीटनेटकं जावं ही आपली रीत (मामींनीच शिकवलेली), म्हणून मी कडक इस्त्रीची जरीकाठी वेष्टी नेसलो, खांद्यावर अंगवस्त्र टाकलं, गंध लावलं आणि शेजारच्या खोलीतल्या रंगा नावाच्या मित्राची सायकल मागून आणली. राममूर्ती अर्ध्या चड्डीत आला. नवरामुलगा, आणि अर्ध्या चड्डीत. हा मुद्दा मी सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो.

तिरुवोट्रियूरला माझी वेष्टी साखळीत गेली. भर बाजारात मी एका पायावर उभा, आणि हा माणूस रस्त्यात मांडी घालून एकेक धागा सोडवतो आहे. फाडली नाही, कापली नाही, हसलासुद्धा नाही. हसला असता तर मला रीतसर रागावता तरी आलं असतं. इतका शांत माणूस संसारात कसा निघेल, याचा तुम्हीच विचार करा.

एन्नोरच्या खाडीवर सायकली होडीत आडव्या टाकतात, त्यांच्यावर मासळीच्या रिकाम्या टोपल्या ठेवतात, आणि टोपल्यांवर (दुसरी जागाच नव्हती म्हणून) मी. समोर बसलेल्या एका कोळीण म्हातारीने माझं गंध, जर, अंगवस्त्र सगळं न्याहाळलं आणि विचारलं, "माप्पिळ्ळैया?" म्हणजे नवरदेव का. मी तोंड उघडायच्या आत राममूर्तीने मान डोलावली आणि म्हणाला, हो, हाच. हे म्हणणारा खरा नवरामुलगा स्वतः, मामा. मग म्हातारीने मुलीची चौकशी सुरू केली. वडीलधाऱ्या बाईला खोटं पाडणं बरं दिसत नाही, म्हणून नाइलाजाने मला उत्तरं द्यावी लागली. मी सांगितलं की मुलगी लहानपणापासून बघण्यातली आहे. कनकांबराचा गजरा माळते. शाळेत गणित शिकवते. रागावली की ताट वाढून समोर ठेवते पण बोलत नाही. गाताना वरचा सूर निसटला की आधी स्वतःच हसते. आणि मी परीक्षेत आपटलो तेव्हा घरात तीच एकटी मला हसली नव्हती. हे सगळं केवळ म्हातारीचा मान राखण्यासाठी. होडी किनाऱ्याला लागून बाकीचे उतरून गेले तरी म्हातारी आणि राममूर्ती ऐकत बसले होते.

खाडीपलीकडच्या बेटावर रस्ता आहे असं राममूर्तीचं म्हणणं होतं. तिथे वाळू आहे, आणि वाळूवर माणसांनी ताडाच्या झावळ्या टाकल्या आहेत. सायकल आपल्याला नेत नाही, आपण सायकलीला नेतो. त्यातच माझ्या पुढच्या चाकात काटा गेला. त्याने आपली सायकल मला दिली आणि माझी पंक्चर झालेली स्वतः खांद्यावर घेऊन चालू लागला. (मुलीकडच्यांवर उपकार करून ठेवण्याची ही सवय मला मुळीच आवडली नाही.) सुरूच्या सावलीत त्याने दहीभाताचा डबा उघडला. सोयरीक ठरण्याआधी मुलाकडचं अन्न आपण घेत नाही, म्हणून मी पोटात कावळे ओरडत असताना नको म्हटलं आणि समुद्राकडे तोंड करून बसलो. पुढे पळवेर्काडला जाणाऱ्या होडीत मात्र मी तो डबा संपवला, कारण पाण्यावर कुणी कुणाकडचं नसतं. आत लिंबाचं लोणचं होतं. त्याने स्वतः काही खाल्लं नव्हतं, हे मला रिकामा डबा परत देताना कळलं.

पळवेर्काडहून पोन्नेरीची बस आणि तिथून मद्रासची. कंडक्टर सायकली घेईना. राममूर्तीने टपावर चढून दोन्ही बांधल्या, मला खिडकी दिली आणि स्वतः उभा राहिला. वाटेत त्याने मला एकच प्रश्न विचारला. तो इथे लिहिण्याचं कारण नाही. एकंदरीत मुलगा अर्ध्या चड्डीतला, परस्पर दुसऱ्याला नवरदेव करणारा आणि संशय यावा इतका शांत आहे. माझ्या मते हे स्थळ नको.

आपला भाचा,
सेतुमाधव

ता. क. वर लिहायचं नाही म्हटलं तो प्रश्न असा होता: "होडीत सांगितलंत ते तुमच्या मामांना ठाऊक आहे का?" मी पोन्नेरीपासून थेट मद्रासच्या पॅरीज कॉर्नरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिलो.

आणखी एक ता. क. मामा, आपल्यात बहिणीच्या मुलाचा मुरै, म्हणजे हक्क, पहिला. मुलगी बाहेर द्यायची तर आधी त्याला विचारतात, तो नको म्हणाला की मग बाहेर बघतात. तुम्ही मला नुसतं 'बघून कळव' लिहिलंत. मला नको म्हणायची संधीच दिली नाहीत, आणि दिली असती तरी मी नको म्हटलं नसतं. याचं मला फार वाईट वाटलं आहे. पोंगलला आलो होतो तेव्हा तुमच्याकडून निघताना अंबुजा म्हणाली होती, अप्पांना काही लिहायचं असेल तर लवकर लिही. मला वाटलं, पोचल्याचं पत्र. कृपा करून तिला विचारा. ती हो म्हणाली तर तारेने कळवा; नाही म्हणाली तर साध्या टपालाने, सावकाश.

शेवटचा ता. क. राममूर्ती आत्ता माझ्याच खोलीत बसून रंगाच्या सायकलची ट्यूब चिकटवतो आहे. त्याचं म्हणणं, वरचं सगळं फाड आणि फक्त मधला ता. क. पाठव. पण एवढं मनापासून लिहिलेलं फाडवत नाही. पत्र पेटीत टाकायला तोच चालला आहे, कारण माझ्यावर त्याचा विश्वास नाही. मुलगा लाखात एक आहे, मामा. तंजावरात आणखी कुणाची मुलगी असेल तर अवश्य सुचवा.