तोच की बदलला

१५ नोव्हेंबर १९९८, रविवार

पुन्हा तेच! सकाळपासून दोन डबे टेबलावर. एक दुकानातून आणलेला, चंदेरी, चकचकीत. दुसरा भाविकने स्वतः बनवलेला, काळ्या पत्र्याचा; वर हात ठेवला तर चटका बसतो. दोन्ही अॅम्प्लिफायर. स्पीकर तेच, कॅसेट तीच — माझ्या माहेरच्या, शेणव्याच्या भजनी मंडळाची. आधी चंदेरी, मग काळा, मग परत चंदेरी. दर वेळी माझ्या तोंडाकडे बघतो.

मी म्हटलं, बुवांचा आवाज बुवांसारखा येतोय.

नवऱ्याला हे उत्तर चाललं नाही. (इथे त्याला एकेरी लिहिते. तोंडावर अहो.)

प्रज्वल आला होता, कल्याणहून मोटारसायकलवर. पूर्वी भाविकबरोबर कंपनीत होता, आता दुकान काढतोय. काळा डबा ऐकताना त्याने डोळे मिटले. म्हणाला, उबदार आहे. मोकळा आहे. याला पोट आहे. विशेषणं अशी एकामागून एक निघायला लागली की मी सावध होते. एम.ए.ला दोन वर्षं घालवून एवढंच शिकले — ज्याला दाखवता येत नाही, तो विशेषण लावतो.

१९ नोव्हेंबर

चिमीने विचारलं, बाबांचा डबा गरम होतो म्हणून त्याचा आवाज उबदार का? पाच वर्षांची पोर.

२९ नोव्हेंबर, रविवार

पकडलं!

प्रज्वल डबे बदलत होता. चंदेरी वाजताना आवाजाच्या बटणावरची खूण मी पाहून ठेवली होती. काळा लावला तेव्हा ती केसभर पुढे. मग म्हणतो, ऐका वैनी, केवढा फरक! फरक असणारच. मोठा आवाज कानाला जास्त चांगला वाटतो. आमच्या शाळेत जो मोठ्याने कविता म्हणतो, बक्षीस त्यालाच जातं.

मी उठून चहा ठेवला. तो गेल्यावर भाविकला सांगितलं. भाविकचा चेहरा पडला. त्याने मुद्दाम केलं नसेल, म्हणाला. मग मीटर काढून स्पीकरच्या तारांना लावलं आणि दोन्ही डबे एका आकड्यावर आणत बसला. जेवण निवलं. शेवटी आणले. पुन्हा कॅसेट लावली. डोकं एका बाजूला कलवून ऐकलं.

"तरी वेगळाच आहे."

असेल. त्याने बनवलाय.

३० नोव्हेंबर

प्रज्वल एवढा का येतो ते आज कळलं. भाविकने नोकरी सोडायची. कल्याणच्या दुकानात बसून असे काळे डबे बनवायचे, प्रज्वलने विकायचे. नव्या वर्षाच्या आत उत्तर हवंय.

कायमची नोकरी! माझी शाळा विनाअनुदानित. तिथला पगार म्हणजे हेडसरांचं आश्वासन. घर भाविकच्या पगारावर चालतं. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, साखरेच्या आजाराच्या गोळ्यासुद्धा कंपनीच्या दवाखान्यातून येतात.

विचारलं, सोडायची ती कशासाठी?

"माझा वेगळा वाजतो म्हणून."

एवढंच. नोकरीला कंटाळलो म्हणाला असता, साहेबाशी भांडण झालं म्हणाला असता, तर समजून घेतलं असतं. एका आवाजासाठी! तोही मला ऐकू येत नाही. की त्यालाही येत नाही, आणि कंटाळ्याला त्याने हे नाव दिलंय?

१ डिसेंबर

प्रज्वलला विकायचं आहे. भाविकला जायचं आहे. दोघांनाही फरक ऐकू येतो. ज्याला काहीच नको आहे असा एक कान या घरात मिळेल का?

६ डिसेंबर, रविवार

मला वाटलं होतं, आई माझ्या बाजूच्या असतील. ओट्यावर वाल सोलत होत्या. मी म्हटलं, एकाच गाण्याचे दोन आवाज कसे होतील?

"दोन घरचा भात येगळा लागतो गो. मंग आवाज का नाय लागणार?"

मी म्हटलं, डोळे बांधून वाढला तर कळेल का कोणत्या घरचा?

"डोळे बांधून कोन जेवतं?"

पण नोकरीचं निघालं तेव्हा त्यांचे हात थांबले. भाविकला हाक मारली. म्हणाल्या, देवीला कौल लाव. दोन बाजूंना दोन फुलं लावायची, विचारायचं. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाय. एकदा दिला की पुन्हा विचारायचं नाय, कुरकुर करायची नाय. तुझ्या बापाच्या बोरिंगची जागा पण देवीनंच सांगितली.

भाविक हसला. देवीला ट्रान्सफॉर्मर काय कळतो, म्हणाला.

आई त्याच्यावर रागावल्या नाहीत. पुन्हा वाल सोलायला लागल्या. मला ते न रागावणं आवडलं नाही.

१३ डिसेंबर, रविवार

ठरलं. मीच बोलून बसले.

भांडण झालं सकाळी. मी म्हटलं, कोणता वाजतोय हे माहीत असताना सगळ्यांनाच फरक ऐकू येतो. न बघता ऐकून दाखवा. तर तो म्हणाला, मी नाही, तू ऐक. माझ्या कानावर माझाच विश्वास उरला नाही. प्रज्वलच्या तोंडावर तुझा नाही. तुझं यात काही अडलेलं नाही. तुला फरक कळला तर मी राजीनामा देतो. नाही कळला तर हा विषय संपला, पुन्हा काढणार नाही.

"तू खोटं बोलत नाहीस. एवढं मला माहीत आहे."

माझं अडलेलं नाही! या घरात सगळ्यात जास्त माझंच अडलंय. त्याला ते दिसत नाही? की दिसतंय, आणि म्हणूनच मला पुढे केलंय — उद्या पस्तावला तर बोट दाखवायला माझा कान आहे?

१६ डिसेंबर

परीक्षेची तयारी. भाविकने एक खटका बनवलाय. इकडे केला तर चंदेरी, तिकडे केला तर काळा. मधल्या खोलीत दोरीवर आईंचं लुगडं टाकायचं. लुगड्यामागे डबे, खटका आणि आई. अलीकडे स्पीकर आणि मी. भाविक बाहेर ओट्यावर. ही अट माझी. खोकला, खाकरा, काही चालणार नाही.

कॅसेटचा एक तुकडा वाजेल. मग आई खटका भराभर कितीही वेळा फिरवतील, तिकडे आणि इकडे, म्हणजे कटकट ऐकून मला अंदाज यायला नको. शेवटी कोणत्या बाजूला ठेवायचा ते त्यांच्या मनावर. तोच तुकडा पुन्हा वाजेल. मी मोठ्याने सांगायचं — तोच, की बदलला. असं दहा वेळा.

भाविकने आईंना तीनदा समजावलं. "कळलं रे. मी काय येडी हाय?"

२० डिसेंबर, रविवार

झालं.

चिमीला शेजारी सोडलं. दार ओढून घेतलं. मी पाटावर बसले. खरंच काही ऐकू येणार नाही, अशी माझी खात्री होती. पाठ झालेला अभंग, तेच बुवा, तीच पेटी. मला खोटं बोलायची वेळच येणार नव्हती.

पहिल्या वेळी तोच. तोच म्हटलं. दुसऱ्या वेळीही तोच.

तिसऱ्या वेळी बदलला.

शंका नाही. झांज पुढे आली. बुवा श्वास घेतात तो कळला. शेणव्याच्या देवळात खांबाला टेकून बसायचे मी, तेवढ्या जवळून. इतकी वर्षं ही कॅसेट ऐकतेय, तो श्वास कधी ऐकला नव्हता. माझ्या हातावर काटा आला. हा भाविकचा डबा. दुसरा कुठला असणार!

मी म्हटलं, "तोच."

चौथ्या वेळी पुन्हा मागे गेला, सपाट झाला. तोच, म्हटलं. सातव्या वेळी पुन्हा जवळ. तोच. जीभ सरावली. शेवटी शेवटी तर मला नुसतं ऐकावंसं वाटत होतं. उत्तर द्यायचं राहून जात होतं, लुगड्यामागून आईंनी "हां?" केलं की तोच म्हणायचे.

भाविकने ओट्यावरून दहाही ऐकले. आत आला. आईंना काही विचारलं नाही. मला म्हणाला, "एकदाही बदललासा वाटला नाही?"

"नाही."

"खरंच?"

"खरंच."

त्याने लुगडं दोरीवरून काढलं, नीट घडी घालून आईंच्या हातात दिलं. काळ्या डब्याच्या तारा सोडल्या. बुवा मध्येच थांबले.

२१ डिसेंबर

पहिल्या पाळीला गेला. जेवणाचा डबा घेऊन. भाजी काय म्हणून विचारलं नाही.

२३ डिसेंबर

नाक्यावरच्या फोनवरून भाविकने प्रज्वलला नकार कळवला. प्रज्वल म्हणाला म्हणे, वैनींना गाण्यातलं काय कळतं. भाविकने फोन ठेवला. घरी येऊन मला सांगितलं, तेही हसत — तुझ्यावर बोलला, म्हणून ठेवला.

आता माझ्या बाजूने भांडतोय!

२७ डिसेंबर, रविवार

टेबल मोकळं आहे. चिमी त्यावर चित्रं काढते. चंदेरी डबाही लावत नाही. सगळेच सारखे, मग लावायचा कशाला, म्हणतो. शेजारच्या महिपतकाकांना सांगत होता, बायकोनं वाचवलं, नाहीतर बुडालो होतो. काका म्हणाले, बायकोनं वाचवलेला पहिलाच बघतोय. दोघं हसले. मी आत तांदूळ निवडत होते. त्याचं हसणं नीट ऐकलं. तेही सपाट होतं. की मला आता सगळीकडे फरक ऐकू यायला लागलाय?

२ जानेवारी १९९९

म्हशाच्या जत्रेचा पहिला दिवस. चौघंही गेलो. बैलांच्या बाजाराला वळसा घालून पाळण्यांकडे. जिकडेतिकडे भोंगे, एकावर एक. चिमीने कानात बोटं घातली.

एका तंबूपाशी भाविक थांबला. भोंगेवाल्याचा अॅम्प्लिफायर उघडाच होता, खोक्यावर ठेवलेला. भाविकने डोकं एका बाजूला कलवलं — तसंच, घरी कलवायचा तसं. क्षणभरच. मग मान सरळ केली आणि पुढे चालायला लागला. आपल्याला काय करायचंय, असा.

मी मागे होते. त्याला वाटलं, कोणी बघितलं नाही.

३ जानेवारी, रविवार

सांगणार आहे. उद्या पाळीवरून आला की. तिसऱ्या वेळी बदलला होता आणि मला कळलं होतं. तुझा डबा वेगळा वाजतो. मी खोटं बोलले, कारण मला भीती वाटली.

प्रज्वलने दुसरा माणूस बघितला नसेल तर अजून जमेल. आईंच्या गोळ्या विकत घेऊ. सगळे घेतात.

मग तो मला कधी क्षमा करेल की नाही, माहीत नाही. तरी सांगणार.

४ जानेवारी

दुपारी आई नारळ घेऊन निघाल्या, देवीला. मलाही चल म्हणाल्या. कसला नारळ, म्हणून विचारलं.

"तुझ्या कानाचा. त्या दिवशी सकाळीच कौल लावला होता — खटका बदलू का म्हून. देवीनं डावा दिला. मंग मी फिरवून फिरवून परत तिथंच ठेवला. दहा येळा येकच डबा वाजला गो. आन तू दहाच्या दहा बरोबर सांगितलंस!"

कोणता वाजत होता, ते मी विचारलं नाही.