सत्तेचाळीस नंबरचा वाडगा

सोमवार, ३ तारीख
आजपासून नोकरी! तीही अडुसष्टाव्या वर्षी. समुद्राच्या तळाशी बुडालेलं जुनं व्यापारी गलबत तुकड्या-तुकड्यांनी वर काढलंय. ते तुकडे इथल्या शेडमध्ये टाक्यांत भिजत ठेवलेत. मी टाक्यांचं पाणी बदलायचं. लाकडात मुरलेलं मीठ असंच हळूहळू निघतं म्हणे. प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं नंबर बांधलेला. इथल्या संशोधक बाईंनी तीनदा बजावलं, आजोबा, काहीही होवो, वस्तू सुकू द्यायची नाही. एकदा सुकली की गेली. बायकोला सांगितलं तर म्हणते, जहाज बुडालं तेव्हा कुठे तुमचं नशीब तरंगलं!

शनिवार, ८
टाकी घासताना सत्तेचाळीस नंबरचा लाकडी वाडगा बाहेर काढून ठेवला होता. कुणा खलाशाचा असेल. परत ठेवला ना मी? घरी येऊन पन्नासदा आठवून पाहिलं. उद्या शेड बंद. ही म्हणाली, डोकं तरी आणलंत ना घरी?

सोमवार, १०
नव्हता ठेवला. टेबलावरच होता, कोरडा ठणठणीत, काठापासून बुडापर्यंत चिरलेला. या वयात मला दुसरं काम कोण देणार? बाई बाहेरगावी आहेत. डब्याच्या पिशवीतून घरी आणला, चिकटवून परत ठेवीन. हिनं हातात घेऊन पाहिला, बोट जिभेला लावलं. खारट आहे म्हणाली.

मंगळवार, ११
हिला सारखी तहान. अख्खी बादली संपवली. ओठांवर पांढरं काहीतरी साचतंय. पुसून चाखलं. मीठ.

बुधवार, १२
हिच्या मनगटापासून कोपरापर्यंत चीर. रक्त नाही. आत तंतू, लाकडासारखे. डॉक्टर लांबूनच बघून म्हणाले, त्वचा कोरडी आहे, मलम लावा. धावत जाऊन वाडगा टाकीत सोडला. भिजल्या बिस्किटासारखा विरला. हातात नुसता दोरा नि नंबर.

गुरुवार, १३
बाईंना फोन करून सगळं कबूल केलं. म्हणाल्या, सुकलेलं परत येत नाही. मी विचारलं, माणूस असेल तर? आजोबा, जरा झोप घ्या म्हणाल्या.
चीर गळ्यापर्यंत आलीय. ओलं फडकं काढलं की हिच्या अंगातून कडकन आवाज येतो—

शुक्रवार, १४
ओल्या चादरीत गुंडाळून हिला शेडमध्ये आणलं. मोठ्या टाकीत गळ्याइतक्या पाण्यात बसवली— आता बरं वाटतंय म्हणते. मनगटाला सत्तेचाळीसचा नंबर बांधला. मी विसरलो तरी दुसऱ्या कुणाला कळावं—

दुपार
पाणी खारट झालंय. बदलायलाच हवं. टाकी रिकामी होईपर्यंत हिला टेबलावर— ही हसून म्हणाली, आता मला तरी विसरू नका.
नळ सोडलाय. टाकी भरत आली.
मला तहान— बोटं मिटत नाहीत— हिला उचलायचं— टेबलावरून कडकन—