घेवड्याचा एक दाणा

कोरेगाव, गुरुवार, संध्याकाळ

ओवीचा तो एक दाणा काही केल्या डोक्यातून जात नाही. चार वर्षांची पोर. मॉन्टेसरीत चमच्यानं घेवड्याचे दाणे एका वाटीतून दुसरीत टाकते, अगदी जीभ बाहेर काढून, पण पहिल्या वाटीत एक दाणा ठेवतेच. वाटी पूर्ण रिकामी झाली की काम झालं, हे मी तिला रोज दाखवते. आज शेवटी विचारलंच, "हा का ठेवतेस गं?"

"आवं ताई, मोकळी वाटी कुनी परत देतं व्हय?"

हसू आलं. आणि एकदम आठवलं. काल तिच्या आईनं माझ्यासाठी डबाभर थालीपिठं पाठवली होती. तो डबा आज सकाळी मी धुऊनपुसून तिच्या दप्तरात ठेवला. रिकामाच! एवढं कसं सुचलं नाही मला? चिमूटभर साखर तरी?

घरी निघताना तिला म्हटलं, "ओवी, डबा दे बघू, त्यात काहीतरी घालते."

"म्या घातलंय की," ती दप्तर छातीशी धरून म्हणाली. "आईला सांगते, ताईंनी दिलंय."

झाकण उघडून पाहिलं. आत घेवड्याचा एक दाणा.