सुनेचं बीपी आणि माझं मशीन

२० मार्च. ईस्टरआधीचा उपास सुरू. सून तियाना सकाळपासून बाळाला पाजत बसलीय. गरोदरपणात तिचं बीपी चढलं होतं. घरी येणारी नर्स रादोयका म्हणते, पाजल्याने ते उतरायला मदत होते, पुढेही आईच्या हृदयाला बरं असतं. अंगातलं काढून दिल्यावर हृदय बळकट कसं होईल? मी मॅट्रिक झालेली आहे. दोघींचं काहीतरी शिजतंय. पाजणारीला भांडी घास म्हणून कोण सांगणार.

२२ मार्च. सेलमधून दुधाची बाटली आणली. बाळ बाटलीवर आलं की माझ्या मांडीवर. तियाना म्हणाली, आई, असू द्या, पुढे लागेल. मुलगा ओग्न्येन म्हणाला, तोवर मी बसतो तुझ्या मांडीवर. ताटाखालचं मांजर.

२५ मार्च. ठरलं. रोज तिचं बीपी मोजायचं, चढलं की रादोयकाच्या तोंडावर मारायचं. आज उतरलेलं निघालं. श्वास रोखला असणार.

२९ मार्च. आणखी उतरलं. मशीनच फितूर. खात्रीसाठी स्वतःच्या दंडाला लावलं, तर भलतंच वर. मला कशाने होईल? कडक उपास, मांस नाही, लोणी नाही. फक्त पिंपातला आंबवलेला कोबी. त्याचं खारं पाणी फेकवत नाही म्हणून वाटी-वाटी पिते. म्हणजे मशीन वाढवून सांगतं. म्हणजे तियानाचं खरं बीपी याहूनही खाली! पोर हातची जायची. वारा बाधला असणार. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या, संत पेत्का मातेच्या तसबिरीपुढे दिवा लावला.

३० मार्च. रादोयकाला तातडीने बोलावलं. तिच्या मशीनवर तियाना ठणठणीत. मग म्हणाली, आजी, तुमचा दंड द्या. दिला, चोरी पकडायला. तिचंही मशीन माझ्या मशीनसारखंच बोललं. खाण्यापिण्याचं विचारलं, सांगितलं. म्हणाली, आजी, पिंपात कोबी मुरवलाय की स्वतःला? आजच्या आज दवाखान्यात जा.

२ एप्रिल. ओग्न्येनने पिंपातलं पाणी अंगणात ओतलं. माझ्यादेखत. मीठ बंद, गोळी सुरू, बसून राहायची ताकीद. भांडी ओग्न्येन घासतो. बाळ मांडीवर दिलं. त्याने वास घेतला आणि आईकडे तोंड फिरवून रडलं. गोळीबरोबरचं पाणी तियानाने सेलमधल्या त्या बाटलीत आणलं, निपल काढून. म्हणाली, आई, वाया नको जायला.

प्यायले.