बेकरीवाल्याच्या सहा गाड्या

प्रिय चिमणे,

आधी नीट बसून घे, मगच पुढे वाच, कारण बातमी मोठी आहे. वयाच्या शहात्तराव्या वर्षी तुझ्या आजीला नोकरी लागली! हसू नकोस. पगार नाही, रजा नाही, मालक माझ्याच पोटचा आणि तरी माझ्यावरच डोळे वटारतो. आता याला नोकरी नाही तर काय म्हणायचं? सकाळचा चहा झाला की मी आजोबांचा जुना कोट अंगात अडकवते, मागच्या दाराने दुकानात उतरते आणि बेकरीवाल्याच्या गाड्या सोलत बसते. सोलत म्हणजे खरंच सोलत, बटाटा सोलावा तशी. गाडीवर आपण ते रंगीत चित्राचं रॅप चिकटवतो ना, ते काढायचं. तू म्हणशील, आजी, आपला धंदा चिकटवायचा, काढायचं कशाला? तेच तर सांगायला बसले आहे, पण मला जरा माझ्या चालीने येऊ दे.

तुझं बाबाला आलेलं पत्र तुझ्या आईने मला वाचून दाखवलं. शिकणं सोडून घरी येते, दुकानातली चित्रं मी काढीन, पगार नको, असं तू लिहिलंस. बाबाने ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं, कटरची पाती ठेवतो त्याच खिशात. आठ दिवस झाले, उत्तर अजून गेलेलं नाही. तुझी आई एकदा म्हणाली, येऊ दे की थोडे दिवस, पोरीची मदतच होईल. बाबा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही, नुसती मान खाजवली. त्याने मान खाजवली की समजावं, हो म्हणायचंय पण लाज वाटतेय. लहानपणापासूनची खोड आहे.

तू गेलीस तेव्हा समोर चपलांचं दुकान होतं, आठवतंय? ते उठलं आणि तिथे गाड्यांना रॅप लावणारा आला. मी त्याचं नाव अर्ध्या दिवसाचा ठेवलंय, कारण तो अख्खी गाडी अर्ध्या दिवसात करून देतो, आणि तीही आपल्या निम्म्या भावात. आता तुझ्या बाबाची तऱ्हा तुला माहीत आहे. एका गाडीला तीन दिवस. आधी धुणार, मग दाराच्या मुठी काढणार, आरसे काढणार, दिवे काढणार, रबरं उपसणार, मग बोळ्याने पुसणार, मग परत पुसणार, जणू बाळाला न्हाऊ घालतोय. आणि ती आतली खोली! खिडक्यांना कडेने पट्ट्या चिकटवलेल्या, पंखा बंद, दार बंद, कारण एक केस जरी रॅपच्या फिल्मखाली गेला तरी टेकडीसारखा वर दिसतो. उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस डब्यात घालून वर झाकण लावल्यासारखा होतो. समोरचा काय करतो? मुठी जागेवरच ठेवतो आणि त्यांच्याभोवती गाडीवरच पातं फिरवतो. खालच्या रंगावर चरे पडतात, पण ते झाकलेलेच राहतात ना. रस्त्यावरून बघशील तर दोन्ही गाड्या सारख्याच चकचकीत. येणाऱ्याला आजची गाडी दिसते, पुढच्या वर्षाची त्याला कशी दिसावी?

मग रोज तोच खेळ सुरू झाला. गिऱ्हाईक एक पाय आपल्या उंबऱ्यात ठेवणार, एक रस्त्यावर, आणि फोन पुढे करणार, की बघा, समोर एवढ्यात होतंय. बाबाने भाव एकदा उतरवला, समोरच्याने लगेच आणखी उतरवला. बाबाने परत उतरवला. आपला सरळ्या, हो तोच, डोळे मिटून सरळ रेघ कापणारा आपला कारागीर, बावीस वर्षं आपल्याकडे होता, तो एक दिवस माझ्या पाया पडला आणि समोर कामाला गेला. म्हणाला, आजी, माझं घर तर चाललं पाहिजे. मी म्हटलं, जा बाबा, पण रस्ता ओलांडताना नीट बघ, तुझं सगळं लक्ष रेघेकडे. तो हसला आणि मग रडला. आता रोज तिथून हात हलवतो, मीही हलवते. दिवसाला तीन गाड्या काढतो म्हणे. मनगटाला पट्टा बांधलाय.

तर बेकरीवाला. अकरा वर्षं त्याच्या गाड्या आपल्याकडेच यायच्या. तो आला तोच समोरचा भाव कागदावर लिहून. वाईट माणूस नाही गं, त्याच्याही पोटावर कोणीतरी स्वस्त पाव विकणारा येऊन बसलाय. म्हणाला, एवढ्यात करून दे, सहाच्या सहा तुझ्या. तुझ्या बाबाने माझ्यासमोर हो म्हटलं. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. अगं, ज्या माणसाने एका बुडबुड्यापायी अख्खं दार पुन्हा पहिल्यापासून केलं होतं, तो हो म्हणाला! त्या भावात नेहमीची फिल्म बसेना, म्हणून दुसरी मागवली. मी गुंडाळीवर नुसती बोटं टेकवली. आपली फिल्म गरम केली की मळलेल्या कणकेसारखी ताणते, हात मागे घेतला की जागेवर बसते. ही म्हणजे कांद्याचं साल. मी एवढंच म्हटलं, हे टिकायचं नाही रे. तर माझ्यावर खेकसला, आई, हात नको लावूस, तुझ्या हाताला तेल असतं. मी घरात गेले आणि तेल नसलेल्या हातांनी भांडी आपटली.

सात महिने. बरोब्बर सात महिन्यांनी एका सकाळी बेकरीवाल्याने सहाही गाड्या आपल्या दारासमोर ओळीने आणून लावल्या. दारांवरचे पाव कडेने उलगडलेले, अक्षरं वाळलेल्या पानासारखी वळलेली. आणि मागच्या दारावर तो स्वतः हसतोय असं मोठं चित्र होतं ना, त्याचं नाकापासून दोन भाग झालेले, अर्धा चेहरा हसतोय आणि अर्धा लोंबतोय. मला इतकं हसू आलं की तोंडात पदर कोंबावा लागला. पण बेकरीवाला हसत नव्हता, ओरडतही नव्हता. हळू आवाजात म्हणाला, असलंच काम हवं असतं तर मी समोरच नसतो का गेलो? आणि पायी निघून गेला. समोरच्या दारात सगळे उभे राहून बघत होते. सरळ्याने तेवढी मान खाली घातली. तुझा बाबा त्या गाड्यांकडे बघत राहिला, मग एकीच्या दारावरून हात फिरवला, आणि त्या हाताला चिकटून आलेला तुकडा त्याला झटकताच येईना. या बोटाचा काढला की त्या बोटाला.

म्हणून हे सोलणं. फुकट, अर्थात. आणि चांगली फिल्म गरम करून ओढली की चादरीसारखी निघते, ही नखाएवढी नखाएवढी तुटते आणि खाली चिकटा सोडते. बाबा एकीकडून गरम हवा मारतो, मी दुसरीकडून प्लास्टिकच्या पट्टीने खरवडते. बाकी कोणाला एवढा धीर नाही, मला आहे, मी आयुष्यभर तांदूळ निवडलेत. चार गाड्या झाल्या, दोन उरल्या. या अडकल्या आहेत तोवर खोलीत दुसरं काम घेता येत नाही. आणि घेतलं तरी कसलं? समोरच्या भावात घ्यायचं तर हीच फिल्म लावावी लागणार, ही लावली की वर्षाच्या आत परत सोलत बसायचं. चांगली लावायची तर भाव ऐकूनच गिऱ्हाईक उंबऱ्यातला पाय काढून घेतं. बाबा हे रोज मला नव्याने समजावून सांगतो, जणू मीच त्याला कोंडून घातलंय.

आणि एक गंमत. परवा अर्ध्या दिवसाचा स्वतः आपल्याकडे आला, गरम हवेचं यंत्र उसनं मागायला, त्याचं जळालं म्हणून. पोरसवदाच आहे गं, डोळ्यांखाली काळं. मी चहा दिला. सोललेले तुकडे बघून म्हणाला, आजी, माझ्याकडेही येतात अशा परत, मी त्यांच्यावरच दुसरं रॅप लावून देतो. मी म्हटलं, शाबास! मग म्हणतो कसा, आता कोपऱ्यावर तिसरा आलाय, तो दोन तासांत करतो, आणि माझ्याहून स्वस्त. तुझ्या बाबाने आपल्याकडचं दुसरं यंत्र दिलं. वर त्याची मूठ कशी धरायची तेही दाखवलं. मला वाटलं, हे दोघे आता भांडतील, तर दोघे मिळून तिसऱ्याच्या नावाने बोटं मोडत बसले.

पण खरं सांगू का, मी खूश आहे. पोरगा एवढा वेळ माझ्या वाट्याला कधी आला होता? त्या बंद खोलीत आम्ही दोघं, दिवसभर. तो बोलतो, मी खरवडते. लहानपणीच्या गोष्टी निघतात. परवा त्याच्या दुर्बिणीच्या मास्तरांची गोष्ट निघाली. तुला हे माहीत आहे की नाही कोण जाणे, तुझा बाबा विसाव्या वर्षी दूर एका गावी दुर्बिणी दुरुस्त करायला शिकत होता. काचा घासायच्या, पुसायच्या, एकमेकींसमोर बसवायच्या. मास्तर म्हणायचे, तुझा हात हलत नाही, तुला देवाने यासाठीच केलंय. हे सांगता सांगता तो थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, तिथे खिडक्या उघड्या असायच्या. बस, एवढंच. मग त्याने गरम हवेचं यंत्र परत सुरू केलं आणि त्या आवाजात मी पुढचा तुकडा खरवडायला घेतला.

काल तुझ्या खोलीत गेले तर तुझी खाट मोकळी. दोन वर्षं तिच्यावर फिल्मच्या गुंडाळ्या रचलेल्या होत्या, त्या बाबाने उचलून जिन्याखाली नेल्या आणि गादी उन्हात टाकली. उत्तर अजून लिहिलं नाहीये, पण गादी टाकलीये. तेव्हा मला कळलं की रविवारी तो तुला फोन करणार, आणि म्हणणार, ये, दोनच महिन्यांसाठी ये.

म्हणून हे पत्र, आणि म्हणून तो जागा व्हायच्या आत लिहितेय. ते दोन महिने मला चांगले माहीत आहेत. तुझे आजोबा गाड्यांवर कुंचल्याने नावं रंगवायचे, त्यांचा हात थरथरायला लागला, तेव्हा मी चौथी शिकलेली बाई कागद घेऊन बसले आणि तुझ्या बाबाला लिहिलं, ये, दोनच महिन्यांसाठी ये. तो आला. आजोबा गेले, कुंचला गेला, रॅप आलं, तू आलीस, आणि त्याला एकतीस वर्षं झाली. त्याने मला कधी एक शब्द विचारला नाही, आणि मी इतकी आनंदात होते की मीही कधी विचारलं नाही. तुझं ते पाण्याखालच्या जमिनीचे नकाशे काढणं मला काही समजत नाही, तिथे कोण कोणाला पत्ता विचारत जातं देव जाणे, पण ते तू पुरं कर. दुकान राहील नाहीतर जाईल, आम्ही तिघं बघून घेऊ. तो ये म्हणाला तरी येऊ नकोस, बाळे. रडला तरी येऊ नकोस. त्याला सांग, आजीने नको म्हटलंय. माझ्यावर रागावेल तर रागावू दे, एकतीस वर्षं तो राग त्याने आत दाबून ठेवलाय, एकदा बाहेर तरी पडेल.

तुझीच, आणि सगळ्यांत जास्त तुझीच,
आजी