दारापासूनची सातवी फरशी

३ मार्च
भाची आता माझी साहेब. तेवीस वर्षं मी या कचेरीत घासली आणि प्रमुखाची खुर्ची मिळाली काल आलेल्या पोरीला! शिकवलं मी, इथे चिकटवलं मी. बहिणीचा फोन — दादा, तिला सांभाळून घे. घेतो ना.

५ मार्च
नव्या खोलीत सर्व्हरचे चोवीस रॅक यायचेत. एकेक कपाटाएवढा, बाराशे किलोचा धोंडा. खाली केबल आणि गार हवेसाठी पोकळी, म्हणून फरशा जमिनीपासून दोन फूट उंच, चार कोपऱ्यांना लोखंडी पायांवर. पाय कुठे, किती — ते भाची ठरवणार.

९ मार्च
जेवणाच्या सुट्टीत आराखडा घेऊन आली. म्हणाली, मामा, एकदा नजर टाका, उद्या पुढे पाठवते.

टाकली. रॅक जिथे उभे राहणार तिथे जादा पाय अगदी चोख. पण दारापासून तिथपर्यंतच्या वाटेखाली जादा एकही नाही! रॅक काय उडत जाणार? चाकांवर ढकलत नेतात, आणि चाक फरशीच्या मधोमध आलं की सगळा भार तिथेच. माझ्या वेळचे रॅक हलके, खपून जायचं. माझाच जुना आराखडा समोर ठेवून केलंय बाईसाहेबांनी.

छान झालंय, म्हणालो. पोरीचा चेहरा उजळला. मला आतून गुदगुल्या झाल्या.

१० मार्च
सांगावं का? नको. एखादी फरशी वाकेल, चारचौघांत नाक कापलं जाईल, एवढंच. ठेच लागल्याशिवाय शहाणपण येत नाही.

२४ मार्च
पहिलाच रॅक. हमालांचा मुकादम मागून रेटत होता. सातव्या फरशीवर मागचं चाक खचलं आणि रॅक त्याच्याच अंगावर कलला. सहा जणांनी उचलला तेव्हा गुडघ्याखाली पाय असा उरलाच नव्हता. भाची त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी भिंतीशी उभा.

सहावी किंवा सातवी जाणार, हा माझा अंदाज होता. बरोबर आला. हे दुसऱ्या कुणाला सांगता यायचं नाही, म्हणून इथे.

२८ मार्च
चौकशी झाली. तिला काढलं. मला बोलावलंही नाही. खुर्ची माझी.

बहीण फोनवर रडली. मीही रडलो, तिला ऐकू जाईल इतपत.

२९ मार्च
भाची किल्ल्या द्यायला आली. आराखडा कुणालाच दाखवला नव्हता, असं तिने चौकशीत सांगितलंय. एका घरातल्या दोन नोकऱ्या कशाला घालवायच्या, म्हणाली. मग विचारलं, मामा, तुम्हाला खरंच दिसलं नव्हतं?

नाही, म्हणालो.

"तुमचं बोट त्या वाटेवर थांबलं होतं, मामा. मी बघत होते. तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून मला वाटलं, चालत असेल."