व्हायकिंगांच्या भट्टीपाशी

अण्णा, गेल्या रविवारपासून मला एका जागी बसवत नाही. आत्ता बुधवारची दुपार आहे, तुमची नात पोहायच्या तासाला गेली आहे आणि मी तलावाच्या कँटीनमध्ये काचेपाशी बसले आहे. कॉफी निवून गेली. एवढ्या दोन ओळी लिहिताना मी दोनदा उठून काचेतून तिला बघून आले. तिला काही होत नाही, मलाच होतंय. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. नऊ वर्षांची आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र डचमध्ये देते. तुमच्याबद्दल तिला इतकंच माहीत होतं, की आजोबांचा लोखंडी सामानाचा कारखाना होता. हे मीच सांगितलं होतं. इथे आइंडहोव्हनला माझ्या ऑफिसातही मी तेच सांगते. मी धातूंच्या चाचण्या करते म्हटल्यावर लोक विचारतात, घरात कोणी इंजिनियर होतं का, आणि मी मान डोलावते.

रविवारी तिच्या हट्टापायी आम्ही एका पडक्या किल्ल्यावर गेलो होतो. किल्ला म्हणजे आपल्यासारखा डोंगरावरचा नव्हे. सपाट कुरणात पाण्याचा खंदक, मधोमध विटांच्या अर्धवट भिंती आणि एक बिनछपराचा बुरूज. तिथे व्हायकिंगांचा मेळा भरला होता. हजारेक वर्षांपूर्वी हे लोक उत्तरेकडून जहाजांतून येऊन हा किनारा लुटायचे. आता त्यांच्या नावाने आईबाप पोरांना रविवारी फिरायला आणतात. लोकरीचे झगे घातलेल्या बायका सूत काततायत, पॅनकेकसाठी रांग लागलीय, आणि मुलं मऊ रबरी तलवारींनी एका दाढीवाल्या योद्ध्याला बडवतायत. तो दर वेळी ओरडत मरतो, उठतो आणि पुढच्या मुलांकडून मरायला तयार होतो. मुलगी हसून हसून वाकली होती. मीही हसत होते, बुरुजामागून घणाचा आवाज येईपर्यंत.

तिकडे ताडपत्रीखाली भट्टी होती. कातडी एप्रन बांधलेला, चष्मा लावलेला एक लोहार. एरवी तो शाळेत गणित शिकवतो, हे त्यानेच सांगितलं. मुलांना तो चाकू कसा घडवतात ते दाखवत होता आणि बोलण्याच्या नादात त्याने पातं निखाऱ्यांत जास्त वेळ ठेवलं. लोखंडाचा रंग पिवळ्याच्या पुढे गेला, बारीक ठिणग्या फुटायला लागल्या, आणि मी सगळ्यांच्या डोक्यांवरून ओरडले, "बाहेर काढा, जळतंय ते!" त्याने दचकून सांडशीने पातं ओढून काढलं. मग चष्मा वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, "बरोबर आहे तुमचं. तुम्हाला कसं कळलं?"

"माझे वडील लोहार होते," मी म्हणाले. अण्णा, हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं, तेही डचमध्ये.

मुलीने माझी बाही ओढली. "तू तर म्हणाली होतीस, आजोबांचा कारखाना होता."

"हेच त्यांचं काम होतं."

लोहाराने दुसरं पातं तापवलं आणि सांडशी माझ्यापुढे धरली. "मग हे बुडवून याला पाणी तुम्हीच द्या." लोक बाजूला झाले. मुलगी टाळ्या पिटत होती. मी "नको, नको" म्हणत तिथून निघाले ते थेट खंदकाच्या काठाशी जाऊन उभी राहिले. मागून ती आली, ऐटीत. लोहाराने तिला हातोडा धरू दिला होता. तिने स्वतः वाकवलेला लोखंडी आकडा माझ्या हातात ठेवला आणि विचारलं, "तुला आजोबा करू द्यायचे?"

"नाही."

"का?"

"भाजेल म्हणून."

हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. तुम्ही मला भट्टीच्या उंबऱ्याच्या आत येऊ देत नव्हतात. एकदा भात्याला हात लावला तर मनगट धरून बाहेर आणलंत आणि म्हणालात, "शाळेचं बघ. हे काम माझ्यापाशी संपू दे." मी दाराबाहेर बसून बघत राहिले. पाणी दिल्यावर तुम्ही पातं दगडावर घासायचात, पुन्हा निखाऱ्यांवर हलकेच धरायचात आणि त्यावर चढणारा रंग बघत बसायचात, पिवळा, मग जांभळा. तेवढा वेळ तुम्ही श्वासही घेत नसाल असं मला वाटायचं. सातवीत असताना एका दुपारी तुम्ही जेवायला बसलात आणि मी आत शिरले. ऊसतोडीच्या मुकादमाचा कोयता तुम्ही घडवून ठेवला होता, पाणी द्यायचं राहिलं होतं. मी तो पांढरा होईतो तापवला आणि बादलीत बुडवला. केवढा आवाज झाला! पुढचं, रंग चढवून ठिसूळपणा घालवायचं, राहूनच गेलं. तुमच्या हात धुण्याचा आवाज आला आणि मी कोयता पुसून, तुमच्या बाकीच्या तयार कोयत्यांत ठेवून पळाले. आज मी कागदावर मांडून सांगू शकते की तो काचेसारखा का फुटणार होता.

चौथ्या दिवशी मुकादम आला. कोयत्याचा तुकडा उडून त्याच्या बायकोच्या नडगीत घुसला होता. बाजारच्या दिवशी, चार माणसांसमोर, त्याने कोयत्याचे दोन तुकडे तुमच्या ऐरणीवर टाकले. तुम्ही मोडलेली कड उन्हात धरून बराच वेळ बघितलीत. मी दारातच होते. तुम्ही कोणालाच काही विचारलं नाहीत. म्हणालात, "माझंच चुकलं. रंग दिसत नाही आता." त्यानंतर तुम्ही धारेचं काम घेतलं नाहीत. खिळे, कड्या, बिजागऱ्या करत राहिलात. तालुक्यातून कोयत्यासाठी येणारी माणसं दुसरीकडे जायला लागली, आणि तुम्ही दुपारी रिकाम्या हातांनी ओट्यावर बसायला लागलात.

तास संपत आला. मुलं ओळीने पाण्याबाहेर येतायत. हे पान वहीतच राहील. पाठवायला तुम्ही कुठे आहात? मुलीला मी कोयत्याचं सांगेन, आज नाही तर या सुट्टीत. पण एक गोष्ट तिलाही सांगवणार नाही. त्याच वर्षी शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं आणि तुम्ही तपासून आलात. गर्दी इतकी, की डॉक्टरने तोंडाने काही न सांगता चिठ्ठी हातात दिली होती. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, म्हणून ती माझ्यापुढे धरलीत. चिठ्ठीत लिहिलं होतं, दोन्ही डोळे उत्तम. मी वाचून दाखवलं, "वयोमानाने नजर कमी झाली आहे."